साडीच्या पाकिटांचं हरितगृह

पोळा तोंडावर आला की माझ्या वर्गात हरितगृहं उगवतात. विज्ञान प्रदर्शनाची नोटीस लागायचा अवकाश, आठवीची अर्धी पोरं खोकी काखोटीला मारून हजर. कुणी पाण्याची मोठी बाटली आडवी कापलेली, कुणी थर्माकोलच्या डब्यावर प्लास्टिक ताणलेलं, कुणी आईच्या डाळीच्या बरणीत माती भरून वर तिच्या शिव्या खाल्लेल्या. "मॅडम, माह्या हरितगृहात धने उगवले!" "मॅडम, याचे त सडून राह्यले, यानं झाकणच नाही उघडलं!" दारव्ह्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणजे ही धांदल बघून मला आनंद व्हायला पाहिजे. होतोही थोडा. पण त्या दिवसांत माझं डोकं तापलेलं असतं, हे पोरांना पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक खोकं मी हातात घेते, झाकण वर करते आणि झाड बघायच्या आधी नाक आत घालते. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं, "मॅडम वास काहून घेऊन राह्यल्या बे?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

खिडकीबाहेर हंगाम चालू असतो. शाळेच्या तारेला लागूनच पऱ्हाटी आहे, म्हणजे कपाशी, कमरेएवढी, पात्या धरलेली. तिच्यातून पाठीला पंप बांधलेला माणूस दांडा खालीवर करत चाललेला असतो, तोंडाला रुमाल, पाय उघडे. आमच्याकडे हा महिना मारण्याचा. मावा मारायचा, तुडतुडे मारायचे, अळी मारायची, तण मारायचं. बाटल्यांवर वाघ, नाग आणि तलवारी छापलेल्या असतात आणि दुकानदार विचारतो, "साधं देऊ का जबरदस्त मारनारं?" हजेरी घेताना तो वास वर्गात शिरतो, गोडसर, उग्र, घशाला चिकटणारा. पोरं सवयीनं खिडकी लावून घेतात. मला मात्र त्या वासानं माझं सातवीचं वर्ष आठवतं. त्या वर्षी माझ्या बापानं त्याच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात उभारी घातली.

उभारी म्हणजे बंडीच्या, बैलगाडीच्या कडेला, माल खाली पडू नये म्हणून उभा खोचलेला बाभळीचा दांडा. मनगटाएवढा जाड, वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेला. ओढला की निघतो. आमच्या भागात भांडण पेटलं की बायका आधी बंडीकडे बघतात, उभाऱ्या जागेवर आहेत ना म्हणून.

बाबा आणि गजूकाका. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत. बाबा आला, बाबा गेला, असंच. दोघा भावांची घरं एकमेकांना लागून, मधे एक मातीची भिंत. वावरंही शेजारी, मधे धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हातभर गवताची पट्टी. त्यावर ना काही पिकतं, ना कुणाला तिथे झोपायचं असतं. पण दरवर्षी नांगरट झाली की बाबा म्हणायचा, गज्यानं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, धुऱ्यात घातलं, आणि काका म्हणायचा, दादानं घातलं. मग शिव्या. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आई आणि काकूच्या शिव्या. मग अबोला, जो दिवाळीपर्यंत आपोआप विरायचा. त्या वर्षी मात्र गोष्ट गचांडी धरण्यापर्यंत गेली होती. बाबानं मला दारात उभं करून सांगितलं, "वैशूसंग बोलताना दिसली त तंगडं मोडून हातात देईन."

आणि तो देणारा माणूस होता. राग आला की बाबाच्या हाताशी जे असेल ते हवेत जायचं, तांब्या, चप्पल, भाकरीची परात. आईच्या भुवईवर एक पांढरी रेघ आहे, ती त्या परातीची. बैलाला मारताना, आईला मारताना, मला मारताना त्याचा चेहरा सारखाच असायचा, लाल नाही, उलट पांढरा पडलेला. माझा त्याच्यावर जीव होता हो, नाही कशाला म्हणू? बाजारातून येताना गोडीशेव आणणारा, मला सायकल शिकवताना पडल्यावर मांडीवर घेणारा तोच होता. पण आधी भीती आणि मग जीव, असा क्रम होता आमच्या घरात.

वैशू म्हणजे गजूकाकाची पोरगी. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. आमचे विज्ञानाचे सर त्या वर्षी नवीन आले होते, त्यांना धुरा माहीत नाही न गचांडी. आडनाव एक बघून म्हणाले, "तुम्ही दोघी एका घरच्या ना? मग एकच हरितगृह करा. घरातल्याच वस्तू वापरायच्या, विकत काही आणायचं नाही." आणि फळ्यावर एक अट लिहून दिली. दोन कुंड्या करायच्या, एक आत, एक बाहेर. माती एक, बी एक, पाणी एक. फरक फक्त घराचा. वैशूनं बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला. आम्हाला हसू दाबवत नव्हतं. बापांनी तोडलेलं सरांनी फळ्यावर लिहून जोडलं होतं.

आमच्या बैलांच्या कोठ्यामागे एक मोडकी बंडी पडलेली होती. तिकडे कुणी फिरकायचं नाही. भिंतीला तिथे भगदाड होतं, वैशू मांजरासारखी त्यातून यायची. टमाट्याची लाकडी पेटी तिच्याकडून. माझ्याकडून मोडक्या छत्रीच्या काड्या. त्या वाकवून पेटीवर कमानी केल्या. आता हवं होतं प्लास्टिक, आरपार दिसणारं. ते आम्ही लोखंडी पेट्यांतून चोरलं. लग्नाकार्यातल्या साड्या ज्या पाकिटांत येतात ना, कडक, चरचर वाजणारी, आईनं जपून ठेवलेली, ती सगळी पाकिटं. काकूचीही. साड्या उघड्या पाडल्या आणि पाकिटं पळवली. मेणबत्तीवर करवतीचं पातं तापवून एकेक पाकीट दुसऱ्याला चिकटवत गेलो. पातं लागलं की प्लास्टिक आक्रसायचं, काळा धूर यायचा, बोटं भाजायची. वैशूच्या अंगठ्यावर ही एवढी फोड आली आणि ती तोंडात ओढणी कोंबून रडली, कारण ओरडलं असतं तर दोघींचीही हाडं मोडली असती. पण घर झालं. आईच्या शालूचं पाकीट आणि काकूच्या पैठणीचं पाकीट अशी जोडलेली की कोणतं कोणाचं ते आम्हालाही सांगता येईना. डब्याच्या दोन कुंड्या केल्या, घरातलीच सरकी टोचली. एक आत, एक बाहेर.

उन्हात तासाभरानं आत हात घातला तर मे महिना! बाहेर श्रावणातली गार हवा आणि आत भट्टी. प्लास्टिकवर आतून घाम धरलेला. आम्ही दोघी येड्यासारख्या आळीपाळीनं हात घालत बसलो. मग वैशूनं एक नाकतोडा धरला आणि आत सोडला. तो उड्या मारायचा, प्लास्टिकवर आपटायचा, टक, टक. मग उड्या लहान होत गेल्या. मग एक पाय हलत राहिला. आम्ही मांडी घालून तो मरेपर्यंत बघत होतो. "मेला वं," वैशू म्हणाली आणि दुसरा धरायला गेली. आज माझ्या वर्गातल्या कुणी असं केलं तर मी कानाखाली काढीन, पण आम्हाला तेव्हा काही वाईट वाटलं नव्हतं. आमच्या भोवती सगळे काही ना काही मारतच होते.

सरकी फुटली. जाड, मुडपलेली दोन दोन पानं घेऊन रोपं वर आली, आतली जोमात, बाहेरची बेतानं. आता पाण्याचा प्रश्न. लोट्यानं आत पाणी घालायला गेलं की माती उडून प्लास्टिकला चिकटायची, आतलं काही दिसेनासं व्हायचं. तेव्हा मला सुचलं पंपाचं. बाबाचा फवाऱ्याचा पंप कोठ्यातच खुंटीला असायचा. त्यात लोटाभर पाणी ओतायचं, दांडा मारायचा, नळीचं तोंड पेटीत धरायचं, की असं बारीक धुकं सुटायचं! आत ढग भरून यायचे. वैशू म्हणायची, "आपल्या घरात महाबळेश्वर!" महाबळेश्वर दोघींनी पाहिलेलं नव्हतं. बाहेरच्या कुंडीला मात्र आम्ही लोट्यानंच पाणी घालायचो, कशाला उगाच पंप हलवा म्हणून. सरांची अट तिथे मोडली. प्रयोग म्हणून हे चूकच होतं, आज माझ्या हाताखाली असं कुणी केलं तर मी मार्क कापते.

त्याच आठवड्यात बाबानं खळं साफ केलं होतं. घरामागच्या खळ्यात गाजरगवत माजलं होतं, त्यावर त्यानं तणनाशक मारलं. मी बघत होते. दोन दिवसांत गाजरगवत पीळ घातल्यासारखं वाकडं होऊन पडलं. काकानंही त्याच सुमारास त्याच्या बाजूचं धुऱ्यावरचं गाजरगवत मारलं, त्याच दुकानातून आणलेल्या औषधानं. मग बाबानं पंपात अळीचं औषध भरलं आणि पऱ्हाटी फवारून आला. आणि मग झड लागली.

झड म्हणजे आमच्याकडचा तो पाऊस, जो येतो आणि जातच नाही. दिवसचे दिवस आभाळ खाली लोंबत राहतं, भिंती ओल्या होतात, चूल धुपते, पुरुष घरात अडकतात. वावरात जाता येत नाही, पत्ते तरी किती खेळणार? बाबा दारात बसून पावसाकडे असा बघायचा जसा तो गजूकाकाकडे बघायचा. एका दुपारी वरणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं आईच्या अंगावर ताट भिरकावलं. वरण गरम होतं. आई ओरडली नाही, मान आणि खांदा पुसत मोरीत गेली. मी तिच्या मागे गेले तर म्हणाली, "तू कायले आली? जा, त्याले दुसरं ताट वाढ." मी वाढलं. मला त्याच्या तोंडावर ते ताट मारायचं होतं. मी सातवीत होते, सांगायला लाज वाटत नाही.

अशा दिवसांत आमची सुटका एकच, कोठ्यामागचं ते घर. पाठीवर पोतं घेऊन आम्ही तिकडे पळायचो. झडीत ऊन नव्हतं तरी आत ऊब असायची. फक्त झाकण उघडलं की एक वास यायला लागला होता, फिनेलसारखा. आम्ही म्हटलं, प्लास्टिक जळलं त्याचा असेल. आणि मग एका सकाळी वैशू किंचाळली, "अवं शीतल, हे त भेंडी हाय!"

खरंच. आतल्या रोपांना आलेली नवी पानं पऱ्हाटीची नव्हतीच. अरुंद, लांब, बोटांसारखी फाकलेली, भेंडीच्या पानासारखी. देठ पिरगळलेले. बाहेरच्या कुंडीतली मात्र टवटवीत, साधी, पंजासारखी रुंद पानांची पऱ्हाटी. आम्हाला वाटलं आम्ही शोध लावला! उष्णतेनं पऱ्हाटीची भेंडी होते! सर काय म्हणतील, जिल्ह्याला जाऊ, पेपरात फोटो येईल. वैशूनं खरंच माझा मुका घेतला.

त्याच सकाळी झड उघडली होती आणि बाबा वावरात गेला होता.

तो परत आला तेव्हा आम्ही अजून कोठ्यामागेच होतो. आम्हाला आधी आवाज आला, लाकडावर लाकूड घासल्याचा. मी कोपऱ्यावरून बघितलं. बाबा बंडीची उभारी ओढत होता. चेहरा पांढराफटक, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि मुठीत पऱ्हाटीची एक फांदी. भेंडीच्या पानांची.

"गज्या! भायेर निंघ!"

काका अंगणात दात घासत होता. तोंडात कडुनिंबाची काडी. "काय झालं, दादा?"

"काय झालं? माह्या साऱ्या पऱ्हाटीची भेंडी केली तुनं! धुऱ्यावर मारतो सांगून माह्या वावरात उडवलं! साल खाल्लं माहं तुनं, भडव्या!"

"म्या सकाळी मारलं, वारा बी नव्हता. तुह्या बाजूले त..."

वाक्य पुरं झालं नाही. बाबानं उभारी घातली. काकानं हात आडवा केला आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली काडी मोडताना येतो तसा, दबका. काकू मोरीतून धावत आली, काकानं तिला कोपरानं मागे ढकललं. गल्लीतली माणसं गोळा झाली. सगळे "अरे थांबा, अरे काय करून राह्यले" म्हणत होते आणि एकही पुढे येत नव्हता. आई दारात उभी, पदराचा बोळा तोंडात. काकाच्या दुसऱ्या हातात कुठून तरी इळा आला होता. आता यातलं एक मरतं, हे मला स्वच्छ दिसलं. काका मेला तर बाबा जेलात, बाबा मेला तर काका. आणि बाबाला जे वाटत होतं ते खोटं आहे, याचा पुरावा फक्त माझ्याकडे आणि वैशूकडे होता. कसं कळलं ते सांगता येणार नाही. मी बाबाच्या मुठीतली फांदी बघितली, आमची रोपं आठवली, तो फिनेलचा वास आठवला आणि एकदम सगळं डोक्यात बसलं.

आम्ही दोघींनी ती पेटी उचलली आणि अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवली. मी ओरडले. त्याआधी मी कधी बाबावर आवाज चढवला नव्हता. "बाबा, थांब! हे पाह्य! आमच्या बी पऱ्हाटीची भेंडी झाली! याच्यात वारा कुठून येईन? काका कधी आला हिथं? आम्ही तुह्या पंपानं पानी मारलं याच्यात. अन् हे भायेरचं पाह्य, याले लोट्यानं टाकलं, हे चांगलं हाय! पंपात हाय ते, बाबा, पंपात!"

 वैशू दुसरी कुंडी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून उभी. काका मोडका हात पोटाशी धरून वाकला, झाकण उघडलं, वास घेतला. मग वर बघून हळूच विचारलं, "दादा, खळं मारल्यावर पंप धुतला होता का तुनं?"

बाबाला कळलं. मी शपथेवर सांगते, त्याला कळलं. तणनाशकाचा पंप नुसता हिसळून त्यात दुसरं औषध भरलं की पऱ्हाटी अशीच होते, हे कपाशीच्या गावात प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. आणि त्याच्या वावरात काय फक्त धुऱ्याजवळच्या ओळी गेल्या होत्या? मधोमध, पार नाल्यापर्यंत, जिथे जिथे तो स्वतः पंप घेऊन फिरला होता तिथे तिथे भेंडी झाली होती. तो आमच्या पेटीकडे बघत होता. उभारीचं टोक खाली आलं होतं. मला वाटलं, संपलं.

आणि काका हसला. दुखण्यानं असेल, सुटल्याच्या आनंदानं असेल, पण हसला. "तुनंच मारली न बे तुही पऱ्हाटी!"

तेवढं हसायला नको होतं. बाबानं दोन्ही हातांनी उभारी उचलली आणि काकाच्या डोक्यात घातली.

मी वर्गात निरीक्षण शिकवते, अनुमान शिकवते, निष्कर्ष शिकवते. फळ्यावर बाण काढते. पुरावा समोर आला की माणूस आपलं मत बदलतो, असं पुस्तकात आहे आणि मी तसंच सांगते, परीक्षेत तेच लिहायचं असतं. पण माझ्या बापाचा पहिला फटका न कळता बसला होता आणि दुसरा कळल्यावर. दुसरा जास्त जोरात होता. चूक आपली आहे हे भर गल्लीत पोरीच्या तोंडून ऐकावं लागलं, ते त्याला झेपलं नाही. मला त्याचा इतका राग आला होता की तो आत गेला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि तरी रात्रभर मी देवाजवळ मागत होते की काका वाचू दे, म्हणजे बाबाला नेणार नाहीत.

काका पडला तो आमच्या पेटीवर. छत्रीच्या काड्या मोडल्या, पाकिटं फाटली, कुंडी फुटली. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि सरकीची रोपं त्याच्या गालाखाली चेंगरलेली. मग एकदम सगळ्यांना हातपाय फुटले. कुणाची तरी मॅजिक गाडी आली, काकूच्या मांडीवर डोकं, यवतमाळचा सरकारी दवाखाना. बाबा त्याच गाडीत मागे लटकून गेला. त्याला कुणी ये म्हटलं नाही न उतर म्हटलं नाही. दवाखान्याच्या आवारात तो झाडाखाली बसून राहिला, त्याच रक्ताच्या सदऱ्यात. काकू येताजाता त्याच्यासमोर थुंकायची.

काही दिवस काका नुसता पडून होता. शुद्धीवर आला तेव्हा मी तिथेच होते, आईबरोबर डबा घेऊन गेलेली. पोलीस आधीच दोनदा येऊन गेला होता, पण जखमी माणूस बोलल्याशिवाय त्याला कुणी काही सांगेना. आता तो खुर्ची ओढून बसला. "कसं लागलं?"

काकाचे ओठ सुकलेले. त्यानं खिडकीकडे बघितलं, तिथून ते झाड दिसत होतं. "बैलानं मारलं," तो म्हणाला.

"कोणत्या बैलानं?"

"दादाच्या. चांद्यानं."

काकूनं हातातला डबा भिंतीवर मारला. भाजीचा ओघळ खाली आला. पोलीस गेल्यावर वैशू रडत ओरडली, "बाबा, तू खोटं काहून बोलला?" काकानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "दादा आत गेला त धुऱ्यावर मी भांडू कोनासंग?"

चांद्या! कपाळावर पांढरा ठिपका असलेला आमचा तांबडा बैल, ज्याच्या पोटाला टेकून मी आणि वैशू लहानपणी झोपायचो. ज्याच्या तोंडातून पेंड काढून घेतली तरी शिंग हलवायचा नाही. पण पोलिसाला सांगितलं म्हणजे आता तेच खरं धरून चालायला हवं. गावाला सगळं माहीत होतं तरी गाव तसंच बोलू लागलं. "जपून रे, चांद्या मारका हाय." आधी चेष्टेत, मग सवयीनं. पोट्टे त्याला लांबून दगड मारायचे. माणसं जाताजाता त्याच्या तोंडावर काठी हाणायची. आणि सगळ्यात जास्त मारलं बाबानं. काका हात गळ्यात बांधून घरी आला, त्या संध्याकाळी बाबा कोठ्यात गेला आणि खिळ्याची पराणी, बैल हाकायची काठी, घेऊन चांद्याच्या पुठ्ठ्यावर मारत सुटला. चांद्या दाव्याला हिसके देत होता, ओरडत होता. मी दारात उभी राहून "नको रे बाबा" म्हणत होते. बाबा रडत होता आणि मारत होता.

पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजून तोरणाखाली उभे राहिले. झूल, बाशिंग, शिंगांना बेगड. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे आवाज आमच्या घरापर्यंत येत होते. मारका बैल गर्दीत कसा न्यायचा म्हणून चांद्या कोठ्यातच होता. मी त्याच्या शिंगांना रंग लावायला गेले, तर त्यानं मान खाली घालून फुस्स केलं. मला. मी रंगाची वाटी तिथेच ठेवून बाहेर आले.

त्या वर्षी आम्ही विज्ञान प्रदर्शनात काही ठेवलं नाही. सरांनी विचारलं तेव्हा वैशू म्हणाली, "बैलानं तोडलं सर."

पुढच्या हंगामात, पऱ्हाटी पुन्हा कमरेला आली असताना, डवरणी, म्हणजे बैलांची कोळपणी, करताना चांद्यानं बाबाला उचललं. जू मोडून फिरला आणि शिंग मारलं. बाबा चिखलात पडला तरी सोडेना, पुन्हा पुन्हा मारत होता, आजपर्यंत खाल्लेलं सगळं परत करत असल्यासारखा. शेजारच्या वावरातून काका धुरा ओलांडून धावत आला. त्याचा तो हात अजून सरळ होत नव्हता. दुसऱ्या हातानं चिखलाची ढेकळं मारत, ओरडत, त्यानं चांद्याला हुसकलं आणि बाबाला खांद्यावर घातलं.

पुन्हा तोच दवाखाना. नर्सबाईही मागच्या वर्षीचीच निघाली. कागद पुढे ओढत तिनं विचारलं, "काय झालं?"

"बैलानं मारलं," काका म्हणाला.

तिनं मान वर केली. काकाचा वाकडा हात बघितला, बाबाच्या फुटलेल्या बरगड्या बघितल्या. "तुमच्या घरी नेहमी बैलच मारतो का हो?"

"या टायमाले खरंच बैल हाय, बाई," काका म्हणाला.

संध्याकाळी मी, आई आणि काका बाबाच्या खाटेजवळ होतो. बाबाला श्वास घेताना त्रास होत होता, तरी तो जागा होता. काका म्हणाला, "उद्या चांद्याले बाजारात नेतो. आता तो ठेवन्यासारखा नाही राह्यला."

बाबानं मान हलवली. "नोको नेऊ. त्याले म्या मारका केला."  मग छताकडे बघत म्हणाला, "गजू, पंप म्या धुतला नव्हता."

"माहीत हाय मले," काका म्हणाला. "पोरीनं दाखवलं होतं न त्याच दिवशी."

बाबानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर त्याच्या नजरेसमोर मी नजर खाली घालत आले होते. त्या संध्याकाळी मी घातली नाही, आणि थोड्या वेळानं त्यानं घातली.